उन्हाळी अभ्यासाचे दप्तर

उन्हाळ्याच्या सुटीत वैद्यकाच्या किंवा समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एखाद्या गावी जाऊन तेथील वृद्धांच्या प्रकृतीचा अभ्यास करावा, दोन महिने घरोघर हिंडून प्रश्नावल्या भराव्यात आणि परतल्यावर आपल्या अनुभवाचे एक टिपण लिहून द्यावे, हा प्रघात आता आपल्याकडेही रूढ झाला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 1979 साली पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची अल्पकालीन विद्यावृत्ती सुरू केली. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने तर 2021-22 पासून गावातील काही कुटुंबे प्रत्येक विद्यार्थ्याकडे सोपवण्याची पद्धत अभ्यासक्रमातच घातली. या साऱ्या खटाटोपाचे फलित काय, असे विचारले असता बहुधा एकच उत्तर मिळते: मुलांना अनुभव मिळाला, खेडे दिसले, म्हाताऱ्या माणसांशी बोलून त्यांची अंतःकरणे विशाल झाली. हे उत्तर खोटे नाही, पण ते उथळ आहे. आणि ज्या कार्यक्रमाचे फलित या उत्तराने पुरे होते, त्या कार्यक्रमाने गावाचे दोन महिने व्यर्थ घेतले असे मी समजतो.

माझा सिद्धांत असा की, वार्धक्याच्या उन्हाळी अभ्यासाचे मोल विद्यार्थी काय घेऊन परतला यावरून ठरत नाही; तो परतल्यानंतर गावात काय उरले आणि पुढच्या वर्षी येणाऱ्याला ते उपयोगी पडले की नाही, यावरून ते ठरते. वार्धक्य ही वर्षानुवर्षांच्या नोंदींखेरीज न उमगणारी गोष्ट असल्यामुळे एकेका विद्यार्थ्याचा सुटा अभ्यास जवळजवळ निरुपयोगी होय. त्याने एका चालू दप्तरात आपले पान जोडावे आणि दप्तर गावाचे असावे. हा विचार हवेत राहू नये म्हणून नाशिक जिल्ह्यातील बागलाण तालुक्यात, मोसम नदीच्या काठी वसलेल्या नामपूर या गावाला तो लावून पाहतो. असा अभ्यास तेथे व्हावयाचा झाल्यास कसा व्हावा, असा या लेखाचा रोख आहे.

१. अनुभव कोणाचा आणि कोणाच्या खर्चाने

'अनुभव' हा शब्द विद्यार्थ्याच्या बाजूने बोलतो. ज्या आजीने तासभर बसून आपल्या गुडघ्यांची, झोपेची, सुनेच्या स्वभावाची आणि गमावलेल्या मुलाची हकिगत सांगितली, तिच्या बाजूने त्या तासाला काय म्हणावे, हे तो शब्द सांगत नाही. तिने आपला वेळ दिला, आपली गुपिते दिली, आणि मोबदल्यात तिला एक गोड निरोप मिळाला. पुढल्या वर्षी दुसरी मुले आली, त्यांनी तेच प्रश्न पहिल्यापासून विचारले, कारण आदल्या वर्षीच्या मुलांनी काय लिहून नेले हे त्यांना ठाऊकच नव्हते. मी स्वतः असे एक गाव पाहिले आहे, जेथे तिसऱ्या खेपेस एका म्हाताऱ्याने, 'मागच्यांना सांगितले आहे, त्यांना विचारा,' असे म्हणून दार लोटून घेतले. त्या म्हाताऱ्यावर अडाणीपणाचा शिक्का मारण्यात आला. वास्तविक संशोधनपद्धतीचा सर्वांत मोठा दोष त्या दिवशी त्याच्याइतक्या नेमकेपणाने कोणीही सांगितला नसेल.

वैद्यकाच्या विद्यार्थ्याला समाजात नेले पाहिजे हा विचार आपल्याकडे जुना आहे. 1946 च्या भोर समितीने प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण सुचवले, ते उद्याचा डॉक्टर समाजाचा चिकित्सक व्हावा म्हणून. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली उभारलेल्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेत प्रथम वर्षाचे विद्यार्थी एका गावात शिबिरासाठी मुक्काम करतात, प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपवली जातात, आणि शिबिर संपल्यावरही त्या कुटुंबांकडे त्यांचे जाणे-येणे चालू राहते. या व्यवस्थेचे पुष्कळजण कौतुक करतात ते गांधीजींच्या वातावरणासाठी. मला तिच्यातील पुन्हा जाणे अधिक मोलाचे वाटते. जो एकदाच येतो तो पाहुणा; आणि पाहुण्यासमोर घर नेहमी आवरून ठेवलेले असते.

२. वार्धक्य ही अवस्था नव्हे, गती आहे

क्षयरोग किंवा रक्तक्षय यांची गणना एका भेटीत होऊ शकते: आज रोग आहे की नाही, एवढाच प्रश्न असतो. वार्धक्याचे तसे नाही. सत्तर वर्षांच्या दोन माणसांची पकड आज सारखीच भरली, तर त्यांची प्रकृती सारखी आहे असे म्हणता येत नाही. कारण एकाची पकड दहा वर्षे तेवढीच असेल आणि दुसऱ्याची गेल्या दोन वर्षांत निम्म्यावर आली असेल. पहिला निरोगी आहे, दुसरा उतरणीला लागला आहे. आणि त्यांच्यातील हा भेद एका उन्हाळ्याच्या कोणत्याही यंत्राला दिसणार नाही.

याहून सूक्ष्म अडचण पिढीची आहे. नामपुरात साठीच्या आणि ऐंशीच्या माणसांची तुलना करून, 'वीस वर्षांत शरीर इतके खचते,' असा निष्कर्ष एखादा विद्यार्थी काढील आणि त्याचे कोष्टकही निर्दोष दिसेल. पण आज ऐंशीच्या घरात असलेली बाई 1972 च्या दुष्काळात ऐन तारुण्यात होती. दुष्काळी कामावर खडी फोडून, सुकडी आणि मिलो खाऊन, कडेवर मूल घेऊन तिने ते वर्ष काढले. आज साठी गाठलेला माणूस तेव्हा शाळकरी पोर होता. दोघांच्या शरीरांत दिसणारा फरक वयाचा किती आणि त्या वर्षाचा किती, हे वेगळे करण्याचा उपाय एकच: त्याच माणसांना पुन्हा पुन्हा मोजणे.

जगातील वार्धक्यविषयक ज्ञानाचा मोठा भाग अशा चिकाटीतूनच आला आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या साध्या गावात 1948 साली पाच हजारांवर स्त्रीपुरुषांची नोंद झाली आणि दर दोन वर्षांनी त्यांची तपासणी होत राहिली; रक्तदाब, धूम्रपान आणि हृदयविकार यांचा संबंध जगाला त्या दप्तरातून कळला. बाल्टिमोरचा वार्धक्याचा अभ्यास 1958 साली सुरू झाला, पण 1978 पर्यंत त्यात स्त्रियांना घेतलेच नव्हते. चिकाटी असूनही निवड चुकली की अर्धी मनुष्यजात अंधारात राहते, याचा तो धडा आहे. आपल्याकडे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये पंचेचाळीस आणि त्यावरील वयाच्या बहात्तर हजारांहून अधिक भारतीयांची पहिली पाहणी केली, आणि ती वेळोवेळी त्याच माणसांकडे परत जाण्याच्या संकल्पनेवर उभी आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून गर्भवती स्त्रियांची नोंद सुरू केली, त्यांची बाळे मोजली, त्या बाळांची मुले आणि मग तरुण झालेली पाहिली. दिसायला किरकोळ असलेल्या आपल्या बाळांच्या अंगात चरबीचे प्रमाण अधिक असते आणि पुढील मधुमेहाची मुळे तेथवर जातात, ही गोष्ट त्या खेड्यांनी दिली. वार्धक्याचा आरंभ पाळण्यात आहे, हे एरवी काव्य वाटले असते.

मग राष्ट्रीय पाहणी असताना नामपूरच्या दप्तराची गरज काय? राष्ट्रीय पाहणी देशाचे आणि राज्याचे सरासरी चित्र देते. महाराष्ट्रात 2011 च्या जनगणनेत साठीवरील माणसांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या जवळ आले होते, हे तिच्यासारख्या गणतीतून कळते. मात्र मोसमच्या खोऱ्यात तरुण मुले नाशिक-पुण्याला गेल्यावर मागे राहिलेल्या जोडप्यांपैकी कोणाला डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी नेणारे कोणी नाही, हे तिला कळत नाही आणि कळणे तिचे कामही नाही.

३. एका ऋतूची साक्ष

उन्हाळी अभ्यासाच्या नावातच त्याचा दुसरा दोष आहे. मनुष्याचा रक्तदाब उन्हाळ्यात उतरतो आणि हिवाळ्यात चढतो, ही सिद्ध गोष्ट आहे. मे महिन्यात नामपुरात रक्तदाब मोजून, 'अमुक टक्के वृद्धांना विकार आहे,' असे जो लिहितो तो काही माणसांना निरोगी ठरवून मोकळा होतो, आणि त्यातल्या कित्येकांना पौषात घेरी येते. दम्याचे, सांध्यांचे, पावसाळी चिखलात पाय घसरण्याचे दुखणे तर मे महिन्याच्या प्रश्नावलीत स्मरणानेच येते. आणि उन्हाळ्यात पावसाळ्याची आठवण किती खरी असते हे सर्वांना ठाऊक आहे.

उलटपक्षी, उन्हाळा काही गोष्टी फार स्पष्ट दाखवतो, आणि त्यांच्याकडे लक्ष द्यावे असे कोणी मुलांना शिकवत नाही. चैत्र-वैशाखात उन्हाळी कांदा निघतो. शेतात मजुरांची टंचाई असते. आणि ज्या वृद्धाला वर्षभर 'आता बसा घरी' म्हटलेले असते, त्यालाच पहाटे कांदाचाळीकडे पाठवले जाते. कांद्याची पात कापणे, सडका कांदा वेगळा काढणे, चाळ भरताना मोजदाद ठेवणे ही कामे या काळात म्हाताऱ्यांवरच पडतात. प्रश्नावलीत 'आपण काम करता का?' याला तोच वृद्ध 'नाही, मुले करतात,' असे उत्तर देतो, कारण काम म्हणजे नांगर असे त्याच्या मनात असते. त्याच काळात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते, लेकी माहेरी येतात, आणि सुनेसमोर न बोलणारी आई लेकीसमोर बोलते. कोणत्या आठवड्यात कोणत्या घरी गेलो यावर उत्तर बदलते, हे ज्याला कळले त्याने पाहणीशास्त्राचा निम्मा भाग शिकला.

म्हणून उन्हाळ्यातील नोंदीला हिवाळ्यातील एक लहान नोंद जोडली पाहिजे, मग ती दिवाळीच्या सुटीत का होईना. दोन्ही ऋतूंचे आकडे शेजारी आले की प्रत्येकाचा अर्थ बदलतो.

४. 'बरं शे'

या खोऱ्याची बोली अहिराणी आहे. प्रश्नावली प्रमाण मराठीत छापलेली असते, बहुधा इंग्रजीवरून उतरवलेली. विद्यार्थी पुण्या-मुंबईकडचा असतो. आणि उत्तर येते, 'माले काय व्हयनं? बरं शे.' हे उत्तर लिहून घेऊन 'तक्रार नाही' या रकान्यात खूण करणे सोपे असते. पण 'बरं शे' हा प्रकृतीचा वृत्तांत नव्हे, तो शिष्टाचार आहे. परक्या पोरासमोर दुखणे उगाळू नये, घरच्यांची अब्रू राखावी, आणि सांगून काय होणार, अशी तीन वाक्ये त्या दोन शब्दांत असतात.

गडचिरोली जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी बंग यांनी 650 स्त्रियांची तपासणी केली आणि 1989 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक ना एक विकार आढळला; आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या आठ टक्के होत्या. दवाखान्याच्या नोंदवहीत हे दुखणे जवळजवळ नव्हतेच. वृद्धांच्या बाबतीत तसेच घडते असे मानायला पुष्कळ जागा आहे: लघवीवर ताबा न राहणे, कानाला कमी ऐकू येणे, रात्री घाबरणे, एकदा पडल्यावर पुन्हा पडण्याची धास्ती, यांतील एकही गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही.

अशा वेळी प्रश्नापेक्षा निरीक्षण खरे बोलते. चाळीच्या सावलीत गोणपाटावर बसून विळ्याने पात कापणारी म्हातारी आपण पाहिलेली असते. तिचे हात भराभर चालतात, बोलणे खणखणीत असते, 'बरं शे' हेही तिने सांगितलेले असते. मग कोणीतरी हाक मारते आणि तिला उठायचे असते. ती आधी विळा बाजूला ठेवते, डावा तळहात मातीवर टेकते, एक गुडघा उचलते, पुन्हा खाली बसते, चाळीच्या बांबूला धरते, आणि दुसऱ्या प्रयत्नाला उभी राहून क्षणभर तशीच थांबते. डोळ्यांपुढची अंधारी जाईपर्यंत. हे दहा-बारा सेकंद जो विद्यार्थी पाहतो, मोजतो आणि लिहितो, त्याने चार पानांच्या प्रश्नावलीहून अधिक माहिती मिळवली.

दैनंदिन क्रियांची जी मापे जगभर वापरतात, त्यांतले एक सिडनी कॅट्झ यांनी 1963 साली, दुसरे लॉटन आणि ब्रॉडी यांनी 1969 साली दिले. ती मापे त्यांच्या समाजासाठी उत्तम आहेत. मात्र त्यांत अंथरुणातून वा खुर्चीवरून उठण्याचा विचार आहे. जमिनीवरून उठण्याचा, उकिडवे बसण्याचा, बांधावरून उतरण्याचा, डोक्यावर हंडा घेण्याचा नाही. त्यांत दूरध्वनी वापरणे, कपडे धुणे, स्वयंपाक करणे येते. आणि ज्याने जन्मात चुलीपुढे पाय ठेवला नाही त्या आजोबांना स्वयंपाक येत नाही म्हणून परावलंबी ठरवले जाते. स्मृतीच्या परीक्षेचेही असेच आहे. 1975 साली फोल्स्टाइन यांनी दिलेल्या प्रसिद्ध चाचणीत आजची तारीख विचारतात आणि एक वाक्य लिहायला सांगतात. निरक्षर बाई तेथेच नापास होते. हरियाणातील बल्लभगडच्या अभ्यासकांनी म्हणूनच निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी त्या चाचणीचे हिंदी रूपांतर घडवले आणि ते 1995 साली प्रसिद्ध केले. अहिराणीसाठी तेच काम करावे लागेल. नामपूरच्या आजीला तारीख विचारू नये. आखाजी होऊन किती दिवस झाले, अमावस्या कधी, गेल्या बाजाराला कांद्याचा भाव काय होता, हे विचारावे. ज्या बाईला भाव आठवतो आणि आखाजी आठवत नाही, तिच्याकडे लक्ष ठेवावे. अशा प्रश्नांची यादी गावातील माणसांनीच करून द्यावी आणि दर वर्षी तीच वापरावी. नाहीतर मोजपट्टीच बदलत राहिली तर माणूस बदलला की पट्टी, हे सांगता येणार नाही.

५. वयाचा दाखला

वार्धक्याच्या अभ्यासात वय हाच पहिला आकडा, आणि तोच सर्वांत कच्चा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली 1 जून ही जन्मतारीख महाराष्ट्रातील एका पिढीची सामायिक जन्मतारीख आहे. आधारपत्रावर पुष्कळांना 1 जानेवारी मिळाली आहे. आणि जी शाळेतच गेली नाही तिचे वय तहसीलदार कचेरीत कोणी अंदाजाने सांगितले तेवढे. वर वयाला आता पैशाचा संबंध आला आहे. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन पासष्टीला मिळते, राज्य परिवहनाच्या गाडीत पंचाहत्तरीनंतर 2022 पासून तिकीट लागत नाही. गरजवंताने वय दोन वर्षे पुढे सांगितले तर त्याला खोटारडा म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण विद्यार्थ्याने ते तसेच उतरवले तर त्याच्या सगळ्या सरासऱ्या कलतात.

यावरचा उपाय म्हणजे घटनांची रुजवात. दाखल्यावरचे वय एका रकान्यात लिहावे. शेजारी विचारावे की, गांधीजी गेले तेव्हा तुम्ही केवढे होता, महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा लग्न झाले होते का, बहात्तरच्या दुष्काळात थोरल्याला दात आले होते का. आणि त्यावरून निघणारे वय दुसऱ्या रकान्यात. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर दोन्ही ठेवावेत. ही रुजवात एकदा नीट झाली की पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला ती करावी लागत नाही, आणि दरवर्षी येणारे दहा नवखे दहा वेगवेगळी वये लिहून ठेवत नाहीत. दप्तराचा पहिला नफा हा.

६. तलाठी बदलतो, दप्तर राहते

'दप्तर' हा शब्द मी जाणून वापरला. गावाच्या जमिनीचा कारभार वर्षानुवर्षे एका साध्या तत्त्वावर चालला आहे: तलाठी बदलतो, दप्तर राहते. नवा माणूस सज्जावर रुजू होतो तेव्हा तो गाव पहिल्यापासून मोजत नाही. सातबारा उघडतो, फेरफार वाचतो, आणि जेथे आधीच्याने सोडले तेथून पुढे लिहितो. त्यात चुका असतात, दिरंगाई असते, कधी त्याहून वाईटही असते. पण जमीन कोणाची होती आणि आज कोणाची आहे, या प्रश्नाला उत्तर असते. जमिनीला जे मिळाले ते माणसाच्या म्हातारपणाला मिळू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

विद्यार्थी दोन महिन्यांचा, हे त्याचे वैगुण्य आहे असे मानण्याचे कारण उरत नाही; तलाठ्याचा अंमलही काही वर्षांचाच असतो. त्याला चांगले दप्तर हाती दिले पाहिजे आणि त्याने ते चांगले पुढे सोपवले पाहिजे. सोपवण्याच्या या कर्तव्यातून जो अनुभव मिळतो तो अंतःकरण विशाल झाल्याच्या अनुभवाहून खोल असतो असे माझे मत आहे. आपला आकडा पुढल्या वर्षी दुसरा कोणी तपासणार आहे, हे ज्या मुलीला ठाऊक आहे ती गोणपाटावरून उठणाऱ्या म्हातारीचे सेकंद अदमासाने लिहीत नाही. आणि गेल्या वर्षी ज्या आजोबांनी चार मीटर अंतर चार सेकंदांत काटले त्यांना यंदा सात लागले, हे ज्याला स्वतःच्या डोळ्यांनी आणि आधीच्याच्या अक्षरात एकाच वेळी दिसते, त्याला वार्धक्य म्हणजे काय हे शिकवायला व्याख्यान लागत नाही.

७. आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप असा की, नवशिक्यांच्या मापांवर विसंबता येत नाही. बरोबर आहे, म्हणून रुजवात मापांचीही हवी. काही ठरावीक घरी दोन विद्यार्थ्यांनी वेगवेगळे जाऊन तेच मोजावे, मार्गदर्शकाने त्यांतली काही पुन्हा पाहावीत, आणि तफावत लपवून न ठेवता दप्तरात लिहावी. दोष नोंदलेला असला की तो सुधारता येतो.

दुसरा आक्षेप, सहृदयता दुय्यम ठरवल्याने वैद्यक कोरडे होईल. याचे मला नवल वाटते. वृद्धाच्या मुलाचे नाव, गेल्या वर्षीचे दुखणे आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली की नाही हे लक्षात ठेवून जो दारात येतो, त्याच्याहून सहृदय कोण? विसरणारी करुणा वृद्धांना पुष्कळ मिळते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: हे काम आशाताईंनी करावे, त्या गावच्याच आहेत. 2005 पासून त्या बाळंतपण, लसीकरण आणि आता तिशीवरील सर्वांची तपासणी-पत्रके, असा बोजा कामागणिक मिळणाऱ्या तुटपुंज्या मानधनावर वाहतात. त्यांच्या ओळखीशिवाय विद्यार्थ्याला एक दार उघडणार नाही, हे खरे; म्हणून त्यांच्या वेळेचा मोबदला ठरवून द्यावा, आणि दप्तराचे ओझे त्यांच्यावर टाकू नये.

चौथा आक्षेप मात्र जड आहे, आणि त्याला मी सहज उत्तर देणार नाही. दप्तर म्हणजे माणसाची गुपिते एका जागी. मुलगा जेवू घालत नाही असे एका आईने सांगितले, ते लिहिले गेले, आणि गावात फुटले, तर तिचे उरलेले दिवस त्याच घरात जायचे आहेत. 2007 च्या कायद्याने मुलांवर आईबापांच्या निर्वाहाची जबाबदारी टाकली आहे आणि त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. पण ती मागण्याचा निर्णय आईचा आहे, संशोधकाचा नाही. म्हणून नावे आणि मापे वेगळ्या वह्यांत, वेगळ्या कुलपांत हवीत; घरातील वागणुकीविषयीची उत्तरे एकांतात घ्यावीत आणि एकांत मिळाला नाही तर तो प्रश्न गाळावा; आणि संमती एकदा घेऊन कायमची समजू नये, ती दर वर्षी नव्याने विचारावी, नकार आला तर त्या माणसाचे पान तेथेच थांबावे. एवढे करूनही धोका उरतो. ज्या घरी तो अधिक वाटेल त्या घरचा तो भाग लिहूच नये, मग आकडा अपुरा राहिला तरी चालेल.

पाचवा आक्षेप सेवेचा. रक्तदाब दोनशे आढळला आणि विद्यार्थी तो लिहून पुढच्या घरी गेला, तर त्याला संशोधन म्हणणे अधर्म आहे. नामपुरातील ग्रामीण रुग्णालयाशी आधी करार झाल्याशिवाय एकाही दंडाला पट्टा बांधू नये: कोणत्या आकड्याला त्याच दिवशी पाठवायचे, कोणत्याला आठवड्यात, औषध संपले तर काय, आणि ज्याला नेणारे कोणी नाही त्याला कोण नेणार. 2010-11 पासून वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम कागदावर आहे. गावातील कोणत्या वृद्धाला त्याची खरी गरज आहे ही यादी त्या कार्यक्रमाजवळ नसते, दप्तराजवळ असेल.

आणि गाव हे सांभाळील का, अशी शंका घेणाऱ्यांना मी मोसमच्या पाण्याची आठवण देईन. या नदीवर आणि शेजारच्या आरम व पांझरेवर बंधारे घालून, शेतांचे फड पाडून, पाळीने पाणी देण्याची पद्धत शेकडो वर्षे चालली. पाटकरी बदलले, पाळी चालू राहिली. ज्या माणसांनी पाण्यासारखी भांडणाची वस्तू पिढ्यान्‌पिढ्या वाटून घेतली, त्यांना एक वही सांभाळता येणार नाही असे समजणे हा त्यांचा अपमान आहे.

८. 1 मे ते 15 ऑगस्ट

महाराष्ट्रात ग्रामसभा भरतात त्या ठरावीक दिवसांपैकी 1 मे आणि 15 ऑगस्ट हे दोन दिवस या कामाच्या दोन टोकांना नेमके बसतात. विद्यार्थ्यांनी एप्रिलमध्ये अहिराणी कानावर पडू द्यावी आणि मापे घोटून घ्यावीत. आचारविषयक समितीची परवानगी चालू दप्तरासाठी एकदा मिळालेली असली की दर वर्षी तिचे नूतनीकरणच करावे लागेल, आणि सुटीचा निम्मा काळ त्या कागदात जाणार नाही. 1 मेच्या ग्रामसभेत काय विचारणार, काय विचारणार नाही, आणि कोणाला नकाराचा हक्क आहे हे मोठ्याने सांगावे. मे-जूनमध्ये घरोघरच्या भेटी व्हाव्यात. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय 1998 पासून याच जिल्ह्यात आहे. बेरीज-वजाबाकी आणि मार्गदर्शन तेथून मिळणे अवघड नसावे.

आणि 15 ऑगस्टला, महाविद्यालय सुरू झालेले असले तरी, त्यांतील दोघांनी तरी परत यावे. व्यासपीठावर उभे राहून अनुभव सांगू नये. नावे न घेता सांगावे की गेल्या वर्षी इतक्या वृद्धांना जमिनीवरून उठायला हात टेकावा लागत होता, यंदा इतक्यांना लागतो; इतके घरात वा अंगणात पडले, त्यांतले इतके रात्री, लघवीला उठताना, अंधारात; आणि त्यातून निघणारी मागणीही तेथेच मांडावी: अमुक आळीत दिवा, नळाच्या ओट्याला धरायला गज, रुग्णालयात ठरल्या वारी वृद्धांची वेगळी रांग. सरपंचाने त्यावर काय ठरवले ते ग्रामसभेच्या इतिवृत्तात यावे, आणि त्या इतिवृत्ताची नक्कल दप्तराला शिवावी, म्हणजे पुढच्या 1 मेला येणारी मुले पहिल्या दिवशी आधी त्या आळीत जाऊन दिवा लागला की नाही ते पाहतील.